सर्फिंग न करणाऱ्याने शारगाव बेटावर चार दिवस कसे घालवावेत?

आपण विचारले आहे की, यजमानांना सर्फिंगचे वेड असल्यामुळे फिलिपिन्समधील सिआर्गाओ बेटावर चार दिवसांसाठी जाण्याचे ठरले आहे, आपल्याला मात्र लाटेवर उभे राहण्याची हौस नाही आणि पोहणेही बेताचेच येते. तेव्हा आपले दिवस कंटाळवाणे तर जाणार नाहीत ना, आणि ते कसे घालवावेत? मी याच भूमिकेत तेथे जाऊन आले आहे. माझा धाकटा भाऊ पहाटे फळी घेऊन निघून जात असे आणि मागे राहिलेल्या बहिणीने आपला दिवस आपणच शोधावा, अशी वाटणी पहिल्याच सकाळी झाली होती. माझे उत्तर असे, की कंटाळा येणार नाही, परंतु तेथील दिवस घड्याळाऐवजी भरती-ओहोटीवर बेतावा लागेल. हे मला एक दिवस वाया घालवल्यावर समजले, आणि मी रत्नागिरीच्या बाजूची असल्याने त्याची लाजही वाटली.

प्रथम उच्चाराविषयी. लिहिताना सिआर्गाओ असे लिहीत असले, तरी स्थानिक लोकांच्या तोंडी ते नाव ‘शारगाव’च्या जवळपास जाते, आणि तळकोकणातल्या एखाद्या वाडीचे नाव ऐकल्यासारखे वाटते. पुढे मी तेच वापरते.

मालदीवची छायाचित्रे मनात ठेवून येथे येणारा माणूस पहिल्या संध्याकाळी हमखास नाराज होतो, कारण हॉटेले ज्या जनरल लूना गावात एकवटलेली आहेत, तेथील पुळणीवर ओहोटीच्या वेळी पाणी फार दूरवर हटते आणि उघडा पडतो तो सागरी गवताचा, खडकाळ, पोहण्यास निरुपयोगी तळ. याचे कारण आणि सर्फिंगवाल्यांच्या आनंदाचे कारण एकच आहे. बेटाच्या पूर्वेला समुद्रात फिलिपिन्स गर्ता आहे आणि तिची कमाल खोली 10 हजार मीटरांहून अधिक आहे. प्रशांत महासागरातून निघालेली लाट या खोल पाण्यावरून आपली ताकद न गमावता येते आणि किनाऱ्याजवळच्या उथळ प्रवाळखडकावर एकदम अडखळून उभी राहते. हा खडक नसता तर ती प्रसिद्ध लाट नसती, आणि तो आहे म्हणूनच पुळणीवरून सरळ चालत जाऊन डुंबण्याची सोय नाही. खडकाच्या अलीकडचे पाणी मात्र शांत असते. सर्फिंग न करणाऱ्याचे शारगाव हे या अलीकडच्या पाण्यात, बेटाच्या खाड्यांत आणि आसपासच्या लहान बेटांवर आहे, हे एकदा मनाशी पक्के केले की पुढची आखणी सोपी होते.

माझी चूक माग्पुपुंग्को येथे झाली. पिलार गावाजवळच्या या किनाऱ्यावर ओहोटी लागली की खडकांमध्ये नितळ हिरव्या पाण्याची नैसर्गिक कुंडे उरतात. काही गुडघाभर, तर काही अशी की काठावरच्या खडकावरून धीट मुले सूर मारतात. ‘पुंग्को’ म्हणजे तेथील भाषेत बसणे. किनाऱ्यावर एक अजस्र खडक मांडी घालून बसल्यासारखा टेकलेला आहे, त्यावरून हे नाव पडले. जनरल लूनाहून तासाभराचा रस्ता आहे. मी न्याहारी आटोपून, आरामात, स्वतःला सोयीच्या वेळी पोहोचले, तर कुंडांचा मागमूसही नव्हता. सगळ्या खडकांवर समुद्र आपटत होता आणि पाण्यात उतरू नये म्हणून रक्षक शिट्टी वाजवीत होता. ज्या घरात आमावास्या-पौर्णिमा पाहून खुबे काढायला जाण्याचा दिवस ठरत असे, त्या घरातल्या बाईने शहाळे पीत तासभर बसून परत यावे, याला काय म्हणावे!

म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी पंचांग उघडा, असे मी गंभीरपणे सुचविते. आमावास्या किंवा पौर्णिमा झाल्यावर एक-दोन दिवसांनी उधाणाची भरती येते, तशीच ओहोटीही सर्वांत खोल जाते, आणि माग्पुपुंग्कोची कुंडे पूर्णपणे उघडी पडतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असताना पाणी पुरेसे उतरत नाही आणि कुंडे अर्धवटच हाती लागतात. तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा आपल्याकडचा हिशेब मात्र तेथे लावू नका, कारण प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी असते. त्यासाठी भरतीचे स्थानिक वेळापत्रक पाहावे, जे हॉटेलांत आणि सर्फिंगच्या दुकानांत फळ्यावर लिहिलेले असते, आणि ओहोटीच्या कमाल वेळेआधी दीड तास तेथे पोहोचेल असे निघावे. वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे चार दिवसांत आपल्याला सोयीचा एखादा मुहूर्त मिळतोच. मी तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले. काठावर बसून, पाय कुंडात सोडून, पलीकडच्या खडकावर फुटणाऱ्या लाटेचे तुषार अंगावर घेत घालवलेले ते दोन तास त्या सहलीतले माझे सर्वांत आवडते आहेत, आणि त्यासाठी पोहता येण्याचीही गरज नव्हती. तळपायाला धार लागू नये म्हणून रबरी बूट मात्र हवेत.

ओहोटी कुंडांसाठी, तर भरती सुग्बा सरोवरासाठी. बेटाच्या पश्चिमेला देल कार्मेन गावाभोवती चार हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर पसरलेले कांदळवन आहे, फिलिपिन्समधील सर्वांत मोठ्या सलग कांदळवनांपैकी एक. त्यातील पाणवाटांमधून बोटीने अर्ध्यापाऊण तासात चुनखडीच्या टेकड्यांनी वेढलेल्या या निळसर हिरव्या खाजणात पोहोचता येते. बोट म्हणजे ‘बांग्का’, आपल्या उलांडीच्या, म्हणजे तोल राखणारा बाजूचा आधार जोडलेल्या, होडीची दूरची बहीण. फरक इतकाच, की आपली उलांडी एका बाजूला असते आणि यांच्या बांबूच्या उलांड्या दोन्ही बाजूंना असतात. भाडे माणशी नसून बोटीमागे असते, म्हणून धक्क्यावरच्या पर्यटन कार्यालयात नोंद करताना दुसरे कोणी सोबतीला मिळते का हे विचारावे. मला एक वयस्क जपानी दांपत्य मिळाले आणि खर्च तिघांत विभागला गेला. सुग्बामध्ये पाण्यावर उभारलेली लाकडी माडी आहे. तेथून लोक पाण्यात उड्या मारतात, छायाचित्रे काढतात आणि बहुतेक जण तासाभरात परततात. माझे मत विचाराल तर खरी मौज सरोवरात नसून जाण्यायेण्याच्या वाटेत आहे. नावाड्याला परतताना सावकाश नेण्याची विनंती करा. कांदळाची मुळे, त्यांवर चिकटलेली कालवे, मध्येच पाण्यावर आडवा झेपावणारा खंड्या, हे सगळे ओळखीचे असूनही त्याचा विस्तार आपल्या कल्पनेपलीकडचा आहे. एकेकाळी हीच झाडे सरपणासाठी तोडणारी काही कुटुंबे आज पर्यटकांच्या बोटी चालवून पोट भरतात, आणि आपल्याकडे खाडीकाठच्या गावांत कांदळवन सफरी सुरू झाल्या आहेत, त्या पाहिलेल्यांना ही गोष्ट विशेष जवळची वाटेल. या वनात खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. नावाडी नेमून दिलेल्या जागी उतरवतो तेथेच पाण्यात उतरावे. वाटेत हात पाण्यात सोडून बसण्याचा मोह टाळावा.

ज्या लाटेसाठी यजमान एवढा प्रवास करणार आहेत, ती ‘क्लाउड नाइन’ आपणही पाहावी, आणि एकदा नव्हे तर दोनदा पाहावी. एका स्थानिक चॉकलेटच्या नावावरून तिचे नाव पडले. प्रवाळखडकावरून समुद्रात शिरणारी लाकडी पायवाट आणि तिच्या टोकाचा मजली मनोरा यांवरून लाटेची पोकळ नळी इतक्या जवळून दिसते, की आत शिरलेल्या माणसाचा चेहराही ओळखू येतो. हा मनोरा 16 डिसेंबर 2021 रोजी आलेल्या ओडेट वादळात, ज्याचा पहिला तडाखा याच बेटाला बसला, उद्ध्वस्त झाला होता आणि नंतर पुन्हा उभारण्यात आला. अर्धी भरती झाल्यापासून पूर्ण भरतीपर्यंत लाट उत्तम असते, कारण ओहोटीत खडक फार वर येतो आणि पडणाऱ्याची कातडी सोलून निघते. पहाटेची भरती मिळाली तर कॉफीचा पेला घेऊन मनोऱ्यावर बसावे. पहिल्या वीस मिनिटांत सगळे सारखेच दिसते. नंतर मात्र कोण थांबून राहिला आहे, कोणाची पाळी आहे, कोणी चुकीची लाट घेतली हे कळू लागते, आणि क्रिकेटच्या मैदानावर नवख्याला जसा हळूहळू खेळ उलगडतो तशी गोडी लागते. माझा भाऊ दोनदा सपशेल आपटला, तेव्हा शेजारच्या स्थानिक मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

डाकू, गुयाम आणि नेकेड या तीन बेटांची एक दिवसाची बोटसफर सगळेच करतात आणि तीही करावी, पण तिच्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. ‘डाकू’ म्हणजे तेथील भाषेत मोठे, तेव्हा नावाने घाबरू नये. नेकेड हे झाडाविना नुसते वाळूचे पठार आहे आणि दुपारी तेथे डोके भाजते, म्हणून ते सकाळी प्रथम घ्यावे व जेवणाला डाकूवर माडांच्या सावलीत पोहोचावे.

जेवणाच्या बाबतीत मासे खाणाऱ्याची चंगळ आहे. ताज्या माशाचे तुकडे माडाच्या सिरक्यात आले, कांदा, मिरची आणि कालामान्सी लिंबाबरोबर मुरवलेला ‘किनिलाव’ हा पदार्थ चुलीवर न चढवलेला असतो, पण तो जरूर चाखावा. सोलकढीवर वाढलेल्या जिभेला तो परका वाटत नाही. आपण शाकाहारी असाल तर अधिक सावध राहावे लागेल. भाजी म्हणून येणाऱ्या पदार्थांतही कोलंबीची आंबवलेली चटणी किंवा माशाचा सॉस असतो, आणि ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. ‘बागोओंग’ आणि ‘पातिस’ ही दोन नावे घेऊन नको म्हणावे. जनरल लूनामध्ये परदेशी पाहुण्यांमुळे शुद्ध शाकाहारी थाळ्या देणारी उपाहारगृहे मिळतात. बेटाच्या इतर भागांत मात्र लसणाचा भात, अंडे आणि केळी यांवर दिवस काढण्याची तयारी असावी.

कधी जावे, यावर आपल्या घरात वाद होण्याचा संभव आहे. मोठ्या लाटा साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात येतात, त्यांतही सप्टेंबर-ऑक्टोबर ऐन हंगाम. सर्फिंग न करणाऱ्याला मार्च ते जून अधिक सुखाचा, कारण समुद्र शांत असतो आणि बोटी सहसा रद्द होत नाहीत. शारगावला खरा कोरडा ऋतू नाही. सर्वांत जास्त पाऊस नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पडतो, म्हणजे आपल्याकडे हवा सर्वांत छान असते नेमके तेव्हा. नाताळच्या सुटीत तेथे जाणाऱ्या मराठी कुटुंबांची यामुळेच फसगत होते. उलट, आपल्याकडे मृग बरसू लागतो तेव्हा तेथे दिवस बऱ्यापैकी कोरडे असतात. यजमान ऐकतील तर मे-जूनचा आग्रह धरावा. ऐकत नसतील तर सप्टेंबरच्या सुरुवातीवर तडजोड करावी.

व्यवहाराच्या चार गोष्टी. जून 2025 पासून भारतीय पर्यटकांना फिलिपिन्समध्ये 14 दिवस व्हिसाशिवाय राहता येते. त्यासाठी परतीचे तिकीट आणि हॉटेलचे आरक्षण दाखवावे लागते, आणि निघण्यापूर्वी नियम पुन्हा तपासून पाहावेत. मनिला किंवा सेबूहून येणारी विमाने लहान, पंख्यांची असतात. सामानाच्या वजनाबाबत ती काटेकोर असतात, आणि यजमानांची फळी आधीच नोंदवली नसेल तर विमानतळावर वाद ठरलेला. बेटावर फिरण्यासाठी बहुतेक लोक स्कूटर भाड्याने घेतात, आणि तिच्या बाजूला फळी ठेवण्याचा लोखंडी आकडा बसवलेला असतो. परवाना आणि सवय असेल तरच ती घ्यावी, शिरस्त्राणाशिवाय कदापि चालवू नये, कारण रस्ते गुळगुळीत असल्याने वेग वाढतो आणि कुत्री ऐनवेळी आडवी येतात. नाहीतर दिवसाच्या बोलीवर तीन चाकी टुकटुक ठरवावी. मी तेच केले आणि तिच्या चालकाने मला भरतीच्या वेळा माझ्या वेळापत्रकापेक्षा अचूक सांगितल्या. रोख रक्कम सेबूहूनच सोबत न्यावी, कारण बेटावरील एटीएम शनिवार-रविवारी रिकामी होतात.

यजमान एखाद्या दिवशी आपल्यालाही फळीवर उभे करण्याचा आग्रह धरतील. क्लाउड नाइनच्या शेजारीच ‘जॅकिंग हॉर्स’ नावाची नवशिक्यांची सौम्य लाट आहे आणि शिक्षक तासाच्या हिशेबाने मिळतात. मन असेल तर जावे, नसेल तर स्पष्ट नको म्हणावे. मी नको म्हटले आणि मला त्याची कधी हळहळ वाटली नाही.

शेवटचे म्हणजे, परतीचे आंतरराष्ट्रीय विमान आणि शारगावहून निघणारे विमान एकाच दिवशी ठेवू नका. पावसात त्या लहान धावपट्टीवरची उड्डाणे रद्द होतात. आमचे झाले, आणि मनिलाहून मुंबईचे तिकीट बुडाले. त्या जादा दिवशी सकाळी साडेनऊला खोल ओहोटी होती. काय करावे हे मला तोपर्यंत चांगलेच ठाऊक झाले होते, म्हणून भावाला फळी ठेवायला लावून मी त्याला माग्पुपुंग्कोला घेऊन गेले.