पक्षाघातानंतरची चेतासंदेश तपासणी : मुलीने हे क्षेत्र निवडावे का?

सप्रेम नमस्कार,

विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आपल्या मुलीने पक्षाघात झालेल्या काकांची चेतासंदेश तपासणी, म्हणजे मेंदू आणि स्नायू यांच्यातील संदेशांची तपासणी, जवळून पाहिली आणि तेव्हापासून तिला हेच काम शिकायचे आहे. वैद्यकीय पदवीची दीर्घ वाट तिला नको आहे. ‘ही केवळ यंत्राचे बटण दाबण्याची नोकरी तर नव्हे?’ असे आपण विचारता. त्याचे उत्तर तपासणीच्या स्वरूपातच आहे, म्हणून आधी तपासणीविषयी लिहितो.

पक्षाघातात इजा मेंदूला होते. हातापायांतील नसा बहुधा शाबूत असतात. म्हणून येथे मेंदूपर्यंत जाणारी आणि मेंदूकडून स्नायूंकडे येणारी अशी सगळी वाट तपासावी लागते. संवेदनेसाठी मनगटाजवळील नसेला विजेचे सौम्य झटके देऊन, सुमारे 20 मिलिसेकंदांनी मेंदूत उमटणारी लहर डोक्यावरील इलेक्ट्रोडने टिपतात. ही लहर इतकी क्षीण असते की मेंदूच्या इतर विद्युत घडामोडींत ती दिसतच नाही. त्यासाठी शेकडो प्रतिसाद एकत्र करावे लागतात आणि त्याचे तंत्र जॉर्ज डॉसन यांनी 1951 मध्ये मांडले. हालचालीची तपासणी उलट दिशेने होते : डोक्याजवळ धरलेल्या कॉइलमधून चुंबकीय स्पंद देऊन हाताच्या स्नायूत प्रतिसाद येतो का, हे पाहतात. अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी हे 1985 मध्ये शेफील्ड येथे दाखवून दिले.

आता बटणाविषयी. समजा, मेंदूवरील लहर उमटलीच नाही. दोष मेंदूतील वाटेचा, की सैल झालेल्या इलेक्ट्रोडचा? जाणकार तंत्रज्ञ त्याच वेळी कॉलरबोनच्या वर आणि मानेवरही नोंद घेतो, म्हणजे संदेश कुठपर्यंत पोहोचला ते कळते. हात गार असेल तर संदेश उशिरा पोहोचतो, रुग्णाने मान ताठ धरली तर स्नायूंचा गोंगाट नोंदीत मिसळतो, आणि चुंबकीय स्पंद देण्यापूर्वी डोक्यात धातूचे रोपण किंवा फिट्सचा इतिहास आहे का, हे विचारावेच लागते. माझ्या मते, या शंका वेळीच घेणे हेच या व्यवसायाचे खरे कौशल्य आहे.

निष्कर्षाच्या मर्यादाही तिने आरंभीच समजून घ्याव्यात. पहिल्या काही दिवसांत स्नायूचा प्रतिसाद मिळाला, तर आज लुळा दिसणारा हात बऱ्यापैकी सुधारण्याची शक्यता वाढते. मिळाला नाही, तर ती कमी होते, पण संपत नाही. मेंदूतील पहिली लहर नीट असूनही रुग्णाला हातातली वस्तू स्पर्शाने ओळखता येत नाही, असेही घडते. न्यूझीलंडमध्ये विकसित झालेल्या एका पद्धतीत तर आधी खांदा बाजूला उचलण्याची आणि बोटे ताठ करण्याची ताकद 10 पैकी गुणांनी मोजतात आणि तिसऱ्या दिवसापर्यंत 5 गुणही न मिळालेल्यांचीच चुंबकीय तपासणी करतात. बाकीच्यांसाठी साधी तपासणी पुरते.

आपल्या मुलीला रुग्णाजवळ राहायचे असेल, तर क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजीची, म्हणजे मेंदू आणि नसांच्या अशा विद्युत तपासण्यांची, तंत्रज्ञ होणे तिला सर्वांत जवळचे ठरेल. अहवालाचा अर्थ लावून त्यावर सही करण्याचे काम मात्र सामान्यतः डॉक्टरांचे असते, हे तिने आनंदाने स्वीकारायला हवे. निष्कर्षानुसार व्यायाम ठरवण्यात रस असेल तर फिजिओथेरपी, आणि यंत्रेच घडवायची असतील तर बायोमेडिकल इंजिनिअरिंग. शिवाय पक्षाघाताच्या तपासण्यांनीच तंत्रज्ञाचा दिवस भरत नाही; त्याचा बराचसा वेळ ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद), नसांच्या नेहमीच्या तपासण्या आणि काही ठिकाणी शस्त्रक्रियेदरम्यानची देखरेख यांत जातो.

तेव्हा प्रवेशापूर्वी तिला एखाद्या विभागात, परवानगी घेऊन, अर्धा दिवस नुसते ईईजीचे काम पाहू द्यावे. संस्थेत चौकशी करताना प्रत्यक्ष रुग्णांवरील सराव किती मिळतो आणि चुंबकीय उद्दीपनाचे यंत्र तेथे आहे का, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत. ते यंत्र प्रत्येक विभागात असतेच असे नाही.

आपला,
करिअर मार्गदर्शक