चिनी कायदा शिकायचा आहे, पण वकिली कुठे करायची?

प्रश्न: मी नाशिकला पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपासून चिनी भाषा शिकते आहे, एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी पास झाले. पदवीनंतर लगेच चीनमध्ये एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करून शांघायमध्ये व्यापार कायद्याची वकिली करावी, असं मनात आहे. बाबा अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहेत. त्यांचं म्हणणं, चीनशी संबंध कधी बिघडतील याचा नेम नाही, त्यावर करिअर बेतू नकोस. मी काय करू?

उत्तर: कटू गोष्ट आधी सांगून टाकतो. शांघायमध्ये चिनी कायद्याची वकिली तुला करता येणार नाही. त्यासाठी लागणारी राष्ट्रीय विधी पात्रता परीक्षा परदेशी नागरिकांना खुली नाही, मग एलएलएम बीजिंगची असो की आणखी कुठली. परदेशी लॉ फर्मना तिथे प्रतिनिधी कार्यालय उघडता येतं, पण 2002 पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे त्यांनी आपापल्या देशाच्या कायद्यावर आणि आंतरराष्ट्रीय करारांवर सल्ला द्यायचा. चिनी कायद्याचं काम चिनी फर्मकडे सोपवावं लागतं. म्हणजे तू तिथे गेलीस तरी भारतीय वकील म्हणूनच बसशील.

आता दुसरी बाजू. चीनशी व्यवहार करणाऱ्या भारतीय कंपनीला चिनी वकील पैसे मोजले की मिळतो. तिला मिळत नाही तो इथला वकील, जो चिनी नियम मुळातून वाचून त्याचा आपल्या मालावर, करारावर आणि कस्टम्सच्या कागदांवर काय परिणाम होणार हे सांगू शकेल. ती जागा तू घे.

ते काम कसं असतं ते एका उदाहरणावरून बघ. 4 एप्रिल 2025 ला चीनच्या वाणिज्य मंत्रालयाने आणि कस्टम्सने मिळून त्या वर्षीचं 18 क्रमांकाचं सूचनापत्र काढलं. समॅरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यट्रियम या सात दुर्मिळ मूलद्रव्यांशी संबंधित वस्तूंना निर्यात परवाना लागू झाला, तोही त्याच दिवसापासून. भारतातले वाहन उद्योगवाले हवालदिल झाले आणि ‘चीनने मॅग्नेट बंद केले’ अशी बातमी फिरली. सूचनापत्र नीट वाचलं तर त्यात सरसकट मॅग्नेट नाहीत. समॅरियम-कोबाल्टचे आहेत, आणि निओडिमियम-लोह-बोरॉनपैकी ज्यांत टर्बियम किंवा डिस्प्रोसियम आहे ते आहेत. ही मूलद्रव्यं घालतात ती चुंबक तापल्यावरही त्याची ताकद टिकावी म्हणून, त्यामुळे इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरचा चुंबक अडकतो आणि साध्या स्पीकरचा बहुधा सुटतो. तेव्हा क्लायंटला पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की ‘मिश्रधातूचा टेस्ट रिपोर्ट आहे का?’ एचएस कोडवर, म्हणजे कस्टम्समध्ये मालाच्या वर्गीकरणाला वापरतात त्या क्रमांकावर, विसंबायचं नाही. दुहेरी वापराच्या, म्हणजे नागरी आणि लष्करी दोन्ही कामांना चालणाऱ्या, वस्तूंच्या चिनी यादीला स्वतःचे वेगळे नियंत्रण कोड आहेत, आणि एकाच एचएस कोडखाली परवाना लागणारा आणि न लागणारा असा दोन्ही माल बसू शकतो.

परवान्याचा अर्ज चिनी निर्यातदार करतो, पण त्याचा अर्ज अडतो तो भारतीय खरेदीदाराच्या कागदामुळे. अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं: माल कोणता, किती, कोणत्या कारखान्यात, कोणत्या भागात बसणार. शिवाय वापर बदलणार नाही आणि परवानगीशिवाय तिसऱ्याला देणार नाही, ही हमी. ही अट 1 डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या निर्यात नियंत्रण कायद्यातच आहे. घोटाळा होतो तो इथे. आयात करतो व्यापारी, मोटर बनवतो दुसरा, गाडीत बसवतो तिसरा, आणि प्रमाणपत्रावर सही करतो तो पहिला. ‘अंतिम’ कोण हे ठरत नाही, अर्ज परत येतो. अर्ज दाखल करून घेतल्यापासून छाननीला 45 कामाचे दिवस, हे 1 डिसेंबर 2024 पासूनच्या दुहेरी वापराच्या नियमावलीत लिहिलं आहे. म्हणजे दोन महिने गृहीत धरायचे, मध्ये चिनी नववर्षाची सुट्टी आली तर आणखी. अर्ज परत आला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आणि ही यादी हलती असते. ऑक्टोबर 2025 मध्ये चीनने आणखी मूलद्रव्यं यादीत घातली, आणि परदेशात बनलेल्या मालातही चिनी दुर्मिळ मूलद्रव्यं किमतीच्या 0.1 टक्का असतील तर परवाना लागेल असा नियम काढला. पुढच्याच महिन्यात ही ऑक्टोबरची सूचनापत्रं 10 नोव्हेंबर 2026 पर्यंत स्थगित झाली. एप्रिलचं सूचनापत्र मात्र त्या स्थगितीत नव्हतं. वर्तमानपत्रात ‘चीनची माघार’ वाचून ऑर्डर टाकणारा खरेदी विभाग नेमका इथे फसतो. बाबांना विचार, त्यांना हा प्रकार नवा नसेल.

करारांचं काम याहून रोजचं आहे, आणि सुरुवात तिथूनच होईल. चिनी कंपनीचं कायदेशीर नाव चिनी लिपीतलंच असतं. इंग्रजी नाव तिने आपल्या सोयीने घेतलेलं. म्हणून करारात चिनी नाव आणि 18 अंकाक्षरांचा एकीकृत सामाजिक पत क्रमांक हवाच. तो सरकारी कंपनी माहिती पोर्टलवर टाकून नाव, भांडवल आणि कायदेशीर प्रतिनिधी जुळतात का ते बघायचं. ते पोर्टल चिनी भाषेत आहे आणि तुझी एचएसके तिथे पहिल्यांदा कामी येईल. मग शिक्का. गोल, लाल, मध्ये पाच टोकांचा तारा, भोवती कंपनीचं चिनी नाव. चिनी व्यवहारात सहीपेक्षा याचं वजन जास्त. नुसत्या इंग्रजी नावाचा आयताकृती निळा शिक्का दिसला, किंवा कराराच्या जागी वित्त विभागाचा शिक्का मारलेला दिसला, तर तिथेच थांबायचं. पैसे भरायचं खातं हाँगकाँगच्या वेगळ्याच नावाच्या कंपनीचं असेल तर करार एकाशी आणि पैसे दुसऱ्याला, असा प्रकार होतो.

वादाचं कलम तर आपल्याकडे सर्रास चुकतं. ‘मुंबईच्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र’ असं लिहून आयातदार निर्धास्त होतो, पण भारत आणि चीन यांच्यात न्यायालयीन निकाल परस्परांकडे राबवण्याचा करार नाही. मुंबईचा हुकूमनामा घेऊन शेन्झेनमध्ये वसुली करणं जवळजवळ अशक्य. लवादाचा निवाडा मात्र राबवता येतो, कारण परदेशी निवाडे राबवण्याच्या न्यूयॉर्क करारात दोन्ही देश आहेत. पण ‘शांघायमध्ये लवाद’ एवढंच लिहिलं तर चिनी लवाद कायद्याखाली कलम बाद ठरण्याचा धोका आहे, कारण त्यात लवाद संस्थेचं नाव लागतं. संस्था, ठिकाण, भाषा आणि लागू कायदा या चारही गोष्टी लिहायच्या. सिंगापूर किंवा हाँगकाँगच्या संस्थेवर दोन्ही बाजू सहसा राजी होतात. निवाडा हातात आला की चीनमध्ये अंमलबजावणीच्या अर्जाला दोन वर्षांची मुदत असते, ती उलटू द्यायची नाही.

तिसरं क्षेत्र दिल्लीत आहे: अँटी-डम्पिंग, म्हणजे अवाजवी स्वस्त दराने इथे ओतल्या जाणाऱ्या मालावरचं शुल्क. चिनी मालावर शुल्क लावायचं का, याची चौकशी तिथलं डीजीटीआर (व्यापार उपाय महासंचालनालय) करतं. चिनी उत्पादक भारतीय वकिलामार्फत प्रश्नावली भरतो. मुदत साधारण 30 दिवस, आणि सोबत हिशेबाची कागदपत्रं चिनीत. ती थेट वाचणारा ज्युनियर फर्मला सोन्यासारखा वाटतो. गोपनीय माहितीचा सार्वजनिक सारांश नीट दिला नाही तर ती माहिती विचारात न घेण्याचा धोका असतो, आणि जो उत्पादक सहभागीच होत नाही त्याच्या माथी सर्वांत चढा दर. याला जोडून कॅरोटर 2020 वाच, म्हणजे सवलतीच्या आयात शुल्कासाठी मालाचा मूळ देश तपासण्याचे भारतीय कस्टम्सचे नियम. आसियान देशाचं मूळ प्रमाणपत्र असलेला माल खरंच तिथला आहे की फक्त तिथून फिरून आलेला चिनी माल आहे, हे आयातदाराने सिद्ध करायचं असतं. 35 टक्के मूल्यवर्धन आणि एचएस उपशीर्षातला बदल, यावरच बहुतेक भांडणं होतात.

चीनमध्ये गुंतवणूक, माहिती संरक्षण आणि परदेशी निर्बंधविरोधी कायदा हे विषय सध्या वरवर माहीत असू देत. फक्त 1 जानेवारी 2020 पासूनचा परदेशी गुंतवणूक कायदा आणि 1 नोव्हेंबर 2021 पासूनचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मूळातून एकदा तरी वाच.

आता करायचं काय? तिसऱ्या पातळीवर कायदा वाचता येत नाही. पाचवी गाठल्याशिवाय सूचनापत्रं भराभर वाचून होणार नाहीत, त्याला मेहनतीने दीड-दोन वर्षं धर. मशीन भाषांतर वापर, पण ‘वगळून’, ‘याशिवाय’ आणि ‘खालील अटींसह’ ही वाक्यं स्वतः तपास. घोळ होतो तो तिथेच. आठवड्याला चिनी वाणिज्य मंत्रालयाचं एक सूचनापत्र घ्यायचं आणि एका पानाचं टिपण करायचं: क्रमांक, लागू तारीख, कोणत्या वस्तू, नियंत्रण कोड, सवलत काय, भारतात कोणाला झळ. मुलाखतीला अशी पन्नास टिपणं घेऊन गेलीस तर एचएसकेचं सर्टिफिकेट कोणी मागणार नाही. वाचताना एक सवय मोडावी लागेल. आपण निकालांतून कायदा शिकतो. चीनमध्ये कायदा, त्याखाली राज्य परिषदेची नियमावली, त्याखाली मंत्रालयाचे नियम आणि सूचनापत्रं अशी उतरंड असते, आणि रोजचं काम अगदी खालच्या पायरीवर ठरतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आधी सीएचएच्या (आयातदारांची कस्टम्सची कामं करून देणाऱ्या एजंटच्या) ऑफिसात इंटर्नशिप कर, शक्य असेल तर न्हावा शेवाला. बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सकडे भरायचं आयातीचं घोषणापत्र), इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट हाताखालून गेल्याशिवाय व्यापार कायदा पुस्तकीच राहतो. पुढच्या सुट्टीत दिल्लीतल्या अँटी-डम्पिंग करणाऱ्या फर्मकडे अर्ज कर.

बाबांची शंका रास्त आहे, पण अर्धी. संबंध ताणले की नियम वाढतात आणि त्यांच्याबरोबर आपलं कामही. मात्र व्हिसा आणि प्रवास खरंच बंद पडतात: 2020 नंतर चीनमध्ये शिकणारे भारतीय विद्यार्थी दोन वर्षांहून जास्त काळ इथेच अडकले होते, आणि थेट विमानं सुरू व्हायला ऑक्टोबर 2025 उजाडला. म्हणून एकट्या चीनवर सगळा भार टाकू नकोस. अँटी-डम्पिंग, मूळ देशाचे नियम आणि लवाद हे व्हिएतनाम-कोरियाच्या मालालाही तसेच लागतात.

एलएलएम कर, पण पदवीनंतर लगेच नको. त्सिंगहुआ आणि पेकिंग विद्यापीठात चिनी कायद्याचे इंग्रजी माध्यमाचे अभ्यासक्रम आहेत, हाँगकाँग विद्यापीठातही आहे. चीन सरकारची शिष्यवृत्तीही मिळू शकते. आधी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद घे, अखिल भारतीय बार परीक्षा दे आणि दोन-तीन वर्षं इथे काम कर. चीनमधल्या प्रतिनिधी कार्यालयात प्रतिनिधी म्हणून नाव लागायला चीनबाहेरची किमान दोन वर्षांची वकिली लागते, आणि मुख्य प्रतिनिधीला तीन. एलएलएमची वर्षं त्यात धरत नाहीत.