सगळीकडे खेळतो, मग नेमका कुठे?

अमेरिकन फुटबॉलच्या बचावावर लिहिल्यापासून येणाऱ्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: चार जागांवर खेळणारा गडी मिळाला, तर त्याला उभा कुठे करायचा? नव्या वाचकांसाठी एवढंच, की बचावाचे 11 जण साधारण तीन थरांत असतात. पुढे लाइन आणि तिच्या टोकांवरून क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास फेकणाऱ्यावर, धावून जाणारे एज रशर, मधे लाइनबॅकर, मागे पास अडवणारे: कडेला कॉर्नरबॅक आणि खोलवर सेफ्टी.

सर, मी पुण्यात सोमवारी पहाटे उठून एनएफएल, म्हणजे अमेरिकेची व्यावसायिक लीग, बघतो. आयझेया सिमन्स कुठेही खेळू शकतो म्हणून 2020च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, आठव्या क्रमांकावर गेला. मग तो फुकट का गेला?

फुकट गेला म्हणू नका, पण त्याच्या गुणांचं चीज झालं नाही हे खरं. 6 फूट 4 इंच उंची, 238 पौंड वजन आणि 40 यार्ड 4.39 सेकंदांत! हे आकडे एकाच माणसाचे आहेत हे पटत नाही. क्लेमसन विद्यापीठात तो एकाच सामन्यात लाइनबॅकर, स्लॉट (लाइन आणि कडेचा रिसीव्हर यांच्या मधली जागा) आणि खोल सेफ्टी असा फिरायचा. कॉलेजात ते खपून जातं, कारण चुकलेलं पाऊल वेगाने भरून काढता येतं. एनएफएलमध्ये अर्ध्या सेकंदाची उधारी कुणी देत नाही. ॲरिझोनाकडून त्याचा पहिलाच सामना सॅन फ्रान्सिस्कोशी होता. चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक रहीम मोस्टर्ट पासासाठी बाहेर पडला, सिमन्स त्याच्या अंगावर होता, आणि बघता बघता 76 यार्डांचा टचडाउन झाला. पाय होते, डावाचं वाचन उशिरा झालं. पुढे कधी लाइनबॅकर, कधी स्लॉट, 2023च्या सराव शिबिरात सेफ्टी, आणि त्याच ऑगस्टमध्ये सातव्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात जायंट्स संघाकडे रवानगी.

याच्या उलट मिंका फिट्झपॅट्रिक. मायामीने त्यालाही दहा ठिकाणी वापरायचा घाट घातला होता. तो वैतागला, बदली मागितली, आणि सप्टेंबर 2019 मध्ये पिट्सबर्गला गेला. तिथे त्यांनी त्याला खोल सेफ्टीवर नेलं आणि तिथेच राहू दिलं. त्याच मोसमात तो ऑल-प्रो झाला, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. (2025 मध्ये तो परत मायामीलाच आला, ही गंमत वेगळी.)

मी असतो तर सिमन्सला पहिली दोन वर्षं लाइनजवळचा सेफ्टी म्हणूनच खेळवलं असतं आणि काम एकच दिलं असतं: जॉर्ज किटलसारखे दांडगे टाइट एंड, म्हणजे लाइनच्या टोकाला उभे राहून पासही झेलणारे गडी, अडवायचे. त्या उंचीचा आणि त्या वेगाचा माणूस यासाठी शोधून सापडत नाही.

डॅलसने मायका पार्सन्सला लाइनबॅकर म्हणून घेतलं आणि एजवर ढकललं. एवढ्या अष्टपैलू खेळाडूला एकाच कामाला जुंपणं म्हणजे नासाडी नाही का?

अजिबात नाही. मुळात ती हुशारी नव्हती, अडचण होती. 2021 मध्ये दुसऱ्या सामन्याआधी डीमार्कस लॉरेन्सचा पाय सरावात मोडला, माणूसच उरला नाही, म्हणून पार्सन्सला चार्जर्सविरुद्ध टोकाला उभं केलं. मोसमाअखेर 13 सॅक (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) आणि सर्वोत्तम नवोदित बचावपटूचा किताब. जो समोरच्या ऑफेन्सिव्ह टॅकलला, म्हणजे क्वार्टरबॅकच्या राखणदाराला, एकास एक हरवतो, त्याच्या जागेबद्दल वाद घालायचाच नसतो. तो कव्हरेजमध्ये, म्हणजे पास अडवायला, मागे गेला की क्वार्टरबॅक मनातल्या मनात आभार मानतो. शिवाय एजला पैसाही लाइनबॅकरपेक्षा कितीतरी जास्त. मुलाच्या आईवडिलांना हे आधी सांगावं.

काका, मी टेक्सासमध्ये हायस्कूलला आहे. 6 फूट 1 इंच, 195 पौंड. कोच एका आठवड्यात कॉर्नर खेळवतात, पुढच्या आठवड्यात लाइनबॅकर. घरी बाबा म्हणतात वजन वाढव. क्लिप पाठवतोय.

क्लिप तीनदा पाहिली. डावीकडे वळताना तुझी कंबर दार उघडावं तशी सहज उघडते. उजवीकडे मात्र आधी एक आखूड पाऊल मागे पडतं, मग तू वळतोस. कॉर्नरला ते पाऊल महागात पडतं, कारण त्याच्या मागे बहुधा कुणी नसतं. तिसऱ्या डावात मात्र तू समोरच्या लाइनमधल्या गार्डच्या खांद्याखालून शिरून रनरला कमरेत धरलंस, ते शिकवून येत नाही. तुझी जागा स्ट्राँग सेफ्टी, म्हणजे लाइनजवळचा सेफ्टी. निकेलमध्ये, म्हणजे मागे पाचवा माणूस आला की, तू स्लॉटवर सरकायचंस. काइल हॅमिल्टनचे सामने बघ. बाल्टिमोरने त्याला असंच वाढवलं, आणि 2023 मध्ये इंडियानापोलिसविरुद्ध सेफ्टी असून त्याने एका सामन्यात 3 सॅक काढले. उंचीने तो तुझ्यापेक्षा वरचढ आहे, पण पाय कुठे ठेवतो ते बघ.

कोचला भेटून सरळ विचार: "सर, माझी पहिली जागा कोणती?" आणि बाबांना सांग, वजन आपोआप वाढेल. आत्ता 20 पौंड चढवलेस तर ती डावी कंबरही जाईल.

सांगलीहून: कबड्डीतला कोपरा आणि इथला कॉर्नर एकच का?

नाव तेवढं सारखं. आपला कोपरा चढाईपटूचा घोटा धरून पकड सुरू करतो, बाकीचे तुटून पडतात. इथला कॉर्नर गर्दीपासून लांब, एकटा. तुमच्या कव्हरचं काम सेफ्टीच्या जवळ जातं.

कॉर्नरला सेफ्टी करणं ही बढती की पेन्शन?

रॉनी लॉटला विचारलं असतं तर त्याने खांद्यानेच उत्तर दिलं असतं. 1985 मध्ये, जेमतेम 26व्या वर्षी, सॅन फ्रान्सिस्कोने त्याला कॉर्नरवरून सेफ्टीवर आणलं. 1986 मध्ये 10 इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मधेच झेलणं) घेऊन तो लीगमध्ये पहिला होता. तेव्हा पेन्शन म्हणवत नाही. कॉर्नरवरून असाच सेफ्टीवर गेलेल्या चार्ल्स वुडसनच्या बाबतीत वय हे कारण होतंच. पाय मंदावले की कॉर्नर उघडा पडतो. पण सेफ्टीचा चेहरा क्वार्टरबॅककडे असतो, त्यामुळे साठवलेलं सगळं वाचन कामी येतं. 2015 मध्ये, वयाच्या 39व्या वर्षी, रेडर्सच्या सेफ्टीवरून वुडसनने 5 इंटरसेप्शन घेतले आणि मग स्वतःहून बूट काढले.