पोकर चिप्स घेताय? जड म्हणजे भारी नव्हे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही आठ जण दर शनिवारी टेक्सास होल्डेम (पोकरचाच एक प्रकार) खेळता, पैशांच्या जागी लावायच्या चिप्स म्हणून आत्तापर्यंत खेळण्यातल्या पातळ प्लॅस्टिकच्या चकत्यांवर भागवलं, आता एकदाच काय तो चांगला सेट घ्यायचाय आणि १४ ग्रॅमच्या ५०० चिप्सची अ‍ॅल्युमिनियमची पेटी कार्टमधे टाकून ठेवलीये, तर घेऊ का. माझं मत, नका घेऊ. मी बरोब्बर असाच सेट सहा वर्षांपूर्वी घेऊन बसलोय म्हणून सांगतो.

आधी ते वजनाचं डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे जड वस्तू म्हणजे दणकट असा एक समज आहे, स्टीलचं भांडं घेताना आई हातात तोलून बघते तसं आपण चिप पण तोलतो, आणि विकणाऱ्यांना हे चांगलंच माहितीये. त्या ११.५, १३.५, १४ ग्रॅमच्या चिप्स म्हणजे साध्या प्लॅस्टिकच्या चिपच्या पोटात एक धातूची चकती घातलेली असते, बास. वर लिहितात ‘क्ले कंपोझिट’. फ्रिजवरचं मॅग्नेट काढून त्या चिपला लावून बघा, बहुतेक वेळा टपकन चिकटतं, आता माती कधीपासून मॅग्नेटला चिकटायला लागली? अमेरिकेतल्या कॅसिनोत ज्या खऱ्या क्लेच्या चिप्स असतात, म्हणजे माती आणि बाकीचा मसाला मिसळून साच्यात दाब आणि उष्णता देऊन बनवलेल्या, त्यांचं वजन साधारण ८ ते १० ग्रॅम भरतं. म्हणजे तुम्ही ज्याला हलकं म्हणून बाजूला टाकलंत ते खऱ्याच्या जास्त जवळ आहे.

आणि ५०० गुणिले १४ म्हणजे ७ किलो, शिवाय पेटीचं वजन वेगळं. विमानात केबिन बॅगला जेवढं चालतं तेवढं. आमचा एक मित्र डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, बिल्डिंगला लिफ्ट नाही, दुसऱ्याच महिन्यात पेटी घेऊन चढताना दुसऱ्या मजल्यावर हँडलचा स्क्रू निघाला आणि पेटी उघडून पाचशे चिप्स जिन्यावरून खाली. रात्रीचे साडेनऊ, सगळ्या दारांतून लोक बाहेर. तळमजल्यावरचे काका एक काळी चिप उचलून उलटीसुलटी करत म्हणाले, "हे काय, कॅरमच्या नवीन सोंगट्या का?" आम्ही हो म्हणालो. चार चिप्स अजून सापडलेल्या नाहीत.

बरं मग बघायचं काय, तर कड आणि पाठ. चिपची कड सरळ कापल्यासारखी हवी, गोलसर गुळगुळीत नको, कारण गोलसर कडेचा वीसचा गठ्ठा रचला की तो जरा हात लागला तरी घसरतो. पाठ जरा खरखरीत हवी, बोटाला पकड मिळाली पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाची टेस्ट, दोन चिप्स एकावर एक ठेवा आणि वरचीला टिचकी मारून फिरवा. थोडी फिरून थांबली तर ठीक. भवऱ्यासारखी गरगर फिरत राहिली तर मधलं स्टिकर कडेपेक्षा वर आलेलं आहे, चिप कडेवर टेकतच नाहीये, मधल्या फुगवट्यावर तरंगतीये. अशा चिप्सचा गठ्ठा कधीच सरळ उभा राहत नाही आणि गठ्ठा सरळ नाही म्हणजे समोरच्याकडे किती आहेत ते नजरेने मोजता येत नाही, मग प्रत्येक ऑल-इनला, म्हणजे कोणी आपल्या सगळ्या चिप्स एकदम लावल्या की, "थांब रे मोजू दे" चालू. आमच्या त्या सेटमधे पांढऱ्या सगळ्या ठीक आणि हिरव्यांपैकी निम्म्या अशा भवरा निघाल्या, एकाच पेटीत. दुकानदाराला फोन केला तर म्हणे सर फिरतात म्हणजे स्मूद आहेत, चांगलंच आहे ना. काय बोलणार.

प्रकार तसे तीनच धरा. एक हे धातूवाले प्लॅस्टिक, जे सगळीकडे मिळतं, आवाज नाण्यांसारखा खणखणीत. दुसरा सिरॅमिक, साधारण १० ग्रॅम. नाव सिरॅमिक असलं तरी कपबशीसारखी भट्टीत भाजलेली चिनीमाती नाही ती, एक प्रकारचं कडक पॉलिमरच आहे, पण त्याच्यावर स्टिकर नसतं, कडेपासून कडेपर्यंत थेट छपाई असते, त्यामुळे सोलायला काही नाही, फुगायला काही नाही आणि तुम्हाला हवं ते डिझाइन छापून मिळतं. तोटा एकच, नव्या असताना बऱ्याच सिरॅमिक चिप्स फार घसरड्या लागतात, हळूहळू जरा बऱ्या होतात. तिसरा खरा क्ले. हातात घेतल्यावर कळतं, खणखण नाही, लाकडावर लाकूड ठेवल्यासारखा बसका आवाज, आणि वीसचा गठ्ठा असा बसतो की विचारू नका. पण पॉलसन नावाची जी सगळ्यात नावाजलेली कंपनी आहे, जिच्या साच्यावर कडेने टोपी आणि काठीचं चित्र असतं, ती कॅसिनोंनाच विकते, घरगुती गिऱ्हाइकाला नाही. बंद पडलेल्या कॅसिनोचा जुना माल तिकडचे शौकीन लोक एकमेकांत विकतात आणि त्याचे भाव ऐकून तुम्ही पत्ते सोडून गोट्या खेळायला लागाल. अमेरिकेत कोणी भाऊ-बहीण असेल आणि त्याला हौस असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर तुमच्या कामासाठी सिरॅमिकच.

आता दुसरा मुद्दा, जो कोणी विचारत नाही. ५०० हव्यात कशाला? आठ जणांना ३०० पुरतात, फक्त वाटणी नीट हवी. रेडीमेड सेटमधे पाच रंग असतात आणि त्यातला एक तरी रंग खेळात कधी येतच नाही, पेटीत पडून. आमची वाटणी सांगतो. आम्ही पैसे लावत नाही, नुसते पॉइंट्स (महाराष्ट्रात जुगारबंदीचा १८८७ चा कायदा अजून आहे, आणि खरं कारण म्हणजे पैसे आले की मैत्री बिघडते, एक ग्रूप तसा मोडलेला पाहिलाय), महिन्याच्या शेवटी जो तळाला तो सगळ्यांना मिसळ खायला घालतो. ब्लाइंड्स (म्हणजे पत्ते बघायच्या आधीच दोघांनी सक्तीने लावायचे पॉइंट्स) ५ आणि १०, प्रत्येकाला सुरुवातीला १००० पॉइंट्स. त्यात ५ च्या बारा, २० च्या बारा आणि १०० च्या सात. साठ, दोनशे चाळीस आणि सातशे, झाले हजार. आठ जणांच्या मिळून ९६, ९६ आणि ५६ चिप्स लागतात. म्हणून सेट घ्यायचा तो १००, १००, ८० आणि वरच्या किमतीच्या २०, म्हणजे ५०० च्या. उरलेल्यांत बारा वेळा रिबाय (सगळं हरलेल्याने पुन्हा हजार घेणं) होतो, आणि एका रात्रीत बारा रिबाय होत असतील तर प्रॉब्लेम चिप्सचा नाही.

२० का आणि २५ का नाही? अमेरिकन सेटवर ५, २५, १००, ५०० छापलेलं असतं, तिकडे पंचवीस सेंटचं नाणंही असतं. आपलं डोकं दहा-वीस-पन्नासमधे चालतं. आमच्याकडे २५ च्या होत्या तेव्हा एक मित्र, बँकेत आहे बरं का, दर हाताला अडकायचा, साडेतीनशेचा रेझ (बोली वाढवणं) म्हणजे किती हिरव्या ते मोजत बसायचा. म्हणून आकडा न छापलेल्या चिप्स घ्या आणि कुठला रंग कितीचा ते तुम्ही ठरवा. उद्या टूर्नामेंट खेळायची असली तर त्याच चिप्सना २५, १००, ५००, १००० म्हणा, प्रत्येकाला आठ, आठ, आठ आणि दोन द्या, प्रत्येकाकडे ७००० च्या चिप्स होतात, ब्लाइंड्स २५-५० ने चालू करा. तिथे पंचवीस चालतं कारण ब्लाइंड्स वाढत गेले की त्या चिप्स तासा-दीड तासात गोळा करून बाजूलाच टाकायच्या असतात. फक्त, टूर्नामेंटमधल्या शेवटच्या ५००-१००० चा अपवाद सोडला तर, लागोपाठच्या दोन किमतींमधे चार-पाच पटींचं अंतर ठेवा. दुप्पट ठेवलंत तर रंग वाढतात, दहापट ठेवलंत तर सारखं चेंज मागणं चालू.

रंगांबद्दल एक. वेबसाइटवर निळा आणि जांभळा छान वेगळे दिसतात. घरी पिवळ्या बल्बखाली रात्री बारा वाजता निळा, जांभळा आणि काळा तिन्ही सारखे. शिवाय तुमच्या ग्रूपमधे कोणाला लाल-हिरवा ओळखायला त्रास आहे का विचारून घ्या, लोक आपणहून सांगत नाहीत. आमच्यातल्या एकाचं आम्हाला दोन वर्षांनी कळलं, तोवर तो चिपच्या कडेवरचे पट्टे बघून खेळत होता! म्हणून कडेवरची नक्षी प्रत्येक किमतीला वेगळी असलेला सेट बघा, एकाला चार ठिपके, एकाला आठ, एकाला तिरके पट्टे, असं. पॉटमधे (मधल्या ढिगात) कोणी चुकीची चिप टाकली तर गठ्ठ्याच्या बाजूने लगेच दिसते ती.

साइज ३९ मिलिमीटर घ्या, तीच स्टँडर्ड आहे, म्हणजे नंतर रॅक घेतले तर त्यात बसतील. रॅक म्हणजे वीस-वीसच्या पाच ओळींचा पारदर्शक ट्रे, एकात शंभर. तीन रॅक आणि एक साधी कापडी पिशवी घ्या, ती अ‍ॅल्युमिनियमची पेटी नकोच. हँडलचं तर सांगितलं, पण खरा घोळ पावसाळ्यात होतो, आत तो काळा फोम असतो ना, तो दमट हवा धरून ठेवतो, आमच्या पेटीत ऑगस्टमधे बुरशी आली आणि स्टिकरच्या कडा सुटायला लागल्या. सुटलेली स्टिकर्स काढून चिकटपणा घालवायला खोबरेल तेल चोळा, मग भांडी घासायचं लिक्विड. नव्या सिरॅमिक पण आल्या आल्या कोमट पाण्यात लिक्विड टाकून जुन्या टूथब्रशने धुवा, वरचा थोडासा तेलकट थर जातो आणि पकड सुधारते. वर्तमानपत्रावर वाळत घालू नका, शाई लागते, पंच्यावर घाला.

आणि चिप्सवर एवढा खर्च करून डायनिंग टेबलच्या काचेवर खेळू नका प्लीज, आवाजाने शेजारी उठतील. खाली कापड घाला. सोलापुरी चादर आम्ही करून बघितली, जाडी एकदम बेस्ट पण त्यावर इतकी नक्षी की पत्ते आणि चिप्स दोन्ही शोधावे लागतात. प्लेन जुनं ब्लँकेट घट्ट ताणून खालून क्लिपा लावा. थोडे पैसे उरले तर पूर्ण प्लॅस्टिकचे पत्ते घ्या, कागदावर प्लॅस्टिक कोटिंगवाले नाही. भज्याच्या हाताने धरले तरी पुसून घेता येतात.

माझी आजी गणपतीच्या जागरणाला रमी खेळायची तेव्हा पॉइंटला चिंचोके वापरायची, सगळे एकसारखे काळे, आणि कोणाकडे किती आहेत ते तिला न मोजता कळायचं. आपल्याला ते जमणार नाही म्हणून वीसचा सरळ गठ्ठा लागतो.

तर कार्ट रिकामं करा आणि कुठल्यातरी सिरॅमिकवाल्याकडून आधी चार-पाच चिप्सचं सॅम्पल मागवा, बरेच जण पैसे घेऊन का होईना देतात. आलं की गठ्ठा रचा, कडेवरून बोट फिरवा, सगळ्या चिप्सची जाडी सारखी आहे ना बघा, आणि रात्री तुम्ही खेळता त्याच दिव्याखाली फोटो काढून इथे टाका, रंग बघून सांगतो.