गोठवलेला उंदीर सापाला देताना: वितळवणं वेगळं, गरम करणं वेगळं

तुम्ही लिहिलंय की फ्रीझरमधून काढलेला उंदीर थेट गरम पाण्यात टाकला, पंधरा मिनिटांनी बॉल पायथनला (पाळला जाणारा छोटा अजगर) दिला, त्याने गिळला आणि दोन दिवसांनी अर्धवट पचलेला बाहेर टाकला. तुम्ही सांगितलेल्या या क्रमातच बहुधा कारण दडलंय. उंदीर वरून गरम लागला, पण पोटात बर्फाचा गोळा तसाच राहिला असणार. साप बाहेरच्या उबेवर पचवतो. आत थंडगार ऐवज गेला की पचन मंदावतं आणि तोवर उंदराच्या आतड्यातले जंतू त्याला सडवायला लागतात. मग साप तो ओकून टाकतो, आणि टाकतो हे बरंच म्हणायचं.

आता किमान दोन आठवडे काहीही खायला देऊ नका. पाणी मात्र कायम ठेवा आणि हाताळू नका. ओकताना अन्ननलिकेला पाचकरसाचा मार बसतो, ती भरून यायला वेळ लागतो. त्यानंतरचं पहिलं भक्ष्य नेहमीपेक्षा बरंच लहान असू दे. पुन्हा ओकला तर घरी प्रयोग करत बसू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या.

आता मुख्य मुद्दा. वितळवणं आणि गरम करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं थंडीत, सावकाश करायचं. दुसरं अगदी शेवटी, झटपट. बहुतेक घोटाळे ही दोन्ही एकदम उरकायला गेल्यामुळे होतात.

वितळवायला उत्तम जागा म्हणजे फ्रिजचा खालचा कप्पा, ४ अंश सेल्सिअसच्या आसपास. उंदीर बंद पिशवीत, पिशवी झाकणाच्या डब्यात, आणि आदल्या रात्रीच ठेवायचा. मोठ्या उंदराला पूर्ण दिवसही लागतो. ओट्यावर रात्रभर ठेवणं टाळा. साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू भराभर वाढतात, आणि आतड्यात ते आधीपासूनच असतात. घाईच असेल तर पिशवीचं तोंड घट्ट बंद करून थंड पाण्यात बुडवा आणि अर्ध्या अर्ध्या तासाने पाणी बदला. पिंकी, म्हणजे केस न आलेलं उंदराचं पिल्लू, लवकर मोकळी होते, पूर्ण वाढलेल्या उंदराला तास-दीड तास धरा, मोठ्या घुशीएवढ्या जनावराला कित्येक तास.

वितळला की नाही हे घड्याळावरून ठरवू नका, हाताने बघा. पिशवीवरूनच अंगठा आणि तर्जनीत पोट धरून हलकेच दाबा. सगळीकडे सारखं मऊ लागलं पाहिजे. बरगड्यांच्या खाली, मधोमध, खड्यासारखं काही टणक बोटाला लागलं तर आत बर्फ आहे. मागचे पाय सांध्यात सहज वाकले पाहिजेत. दाबताना पोट हिरवट दिसलं, केस बोटाला चिकटून निघाले किंवा कातडी फाटली, तर तो उंदीर फेकून द्या. सापाला वास चालतो म्हणून देऊन टाकण्यात अर्थ नाही.

पूर्ण मऊ झाल्यावरच गरम करायची वेळ येते. नळाचं गरम पाणी, ४० ते ४५ अंश, त्यात बंद पिशवी दहा-पंधरा मिनिटं. उकळतं पाणी नको: कातडी शिजते, पोट फुटतं. मायक्रोवेव्ह तर अजिबात नको. तो एका जागी शिजवतो, दुसऱ्या जागी गोठलेलंच ठेवतो, शिवाय उंदीर आत फुटू शकतो. बाहेर काढल्यावर अंग ३७-३८ अंशांच्या आसपास हवं. बॉल पायथनच्या ओठांवरच्या खाचांना उष्णता कळते, म्हणून देण्याआधी पिशवीतलं डोकं काही सेकंद जास्त गरम करून घेतलं की नाखूश साप बऱ्याचदा झडप घालतो. कॉर्न स्नेकला (पाळला जाणारा दुसरा एक बिनविषारी साप) त्या खाचा नसतात, त्याचा भर वासावर असतो. ओलसर झालेली केसाळ कातडी कागदाने टिपून घ्या, नाहीतर पिंजऱ्याच्या तळाचा भुसा चिकटून पोटात जातो. द्यायचा तो लांब चिमट्याने. उंदराच्या वासाचा हात सापाला भक्ष्यच वाटतो.

साठवणुकीबद्दल. उणे १८ अंश किंवा त्याहून थंड. हवा पूर्ण दाबून काढलेली जाड पिशवी, तारीख आणि आकार लिहिलेली, आणि एका पिशवीत एका वेळेला लागतील तेवढेच. बर्फ आपोआप वितळवणारे फ्रीझर मधूनमधून आतली हवा कोमट करतात, त्यामुळे सैल बांधलेले उंदीर सुकतात आणि त्यांच्यावर पांढुरके चट्टे येतात. गोठवल्याने बिघाड मंदावतो, थांबत नाही. चरबी खवट होते, ई जीवनसत्त्व घटत जातं. मी सहा महिन्यांच्या आत संपेल एवढाच साठा करतो. वीज गेली तर दार उघडू नका: गच्च भरलेला फ्रीझर जवळपास ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला साधारण २४. टणक असलेले उंदीर राहू द्या, मऊ पडलेले टाका.

उंदीर घरच्या फ्रीझरमध्ये ठेवायला घरच्यांची जी हरकत आहे, ती तुम्ही जरा हलकी घेताय, असं मला वाटतं. त्यांचं बरोबर आहे. उंदरांत असणारा साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू गोठवल्याने मरत नाही. २००९-१० च्या सुमारास अमेरिका आणि ब्रिटनमध्ये माणसांना झालेल्या लागणीचा माग अशाच गोठवलेल्या उंदरांपर्यंत लागला होता. शक्य असेल तर वेगळा छोटा फ्रीझर घ्या. तोवर निदान घट्ट झाकणाचा डबा सगळ्यात खाली ठेवा, आणि वितळवायच्या भांड्यांवर खूण करून ती जेवणाच्या भांड्यांत कधीच मिसळू नका. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये हे पाणी ओतू नका. हात साबणाने धुवा. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा वयस्कर माणसं असतील तर हे सगळं कसोशीने पाळा.

घराबाहेर पकडलेले उंदीर गोठवून वापरायचं मनात असेल तर नको. त्यांच्यात विषारी औषध असू शकतं आणि थंडीने त्याचं काही बिघडत नाही.

सापाने नाकारलेला उंदीर पुन्हा फ्रीझरमध्ये जात नाही. काही तासांत खाल्ला नाही तर पिंजऱ्यातून काढून टाका. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा पिंजऱ्याच्या गरम बाजूचं तापमान, सापाचं वजन आणि उंदराचं वजन कळवा. पिंजरा पुरेसा उबदार नसेल किंवा उंदीर सापाच्या सगळ्यात जाड भागापेक्षा रुंद असेल, तर वितळवण्याची पद्धत सुधारूनही तो पुन्हा ओकेल.