किनाऱ्यावर नुसत्या उभ्या असलेल्या होड्यांच्या चित्रात एवढं पाहण्यासारखं काय असतं?

तुम्ही लिहिलंय की अशा चित्रात ना माणूस असतो, ना वादळ, ना काही घडत असतं, नुसती शांतता असते. मग लोक त्यापुढे इतका वेळ का थांबतात? मी ज्या चित्रापुढे स्वतः थांबतो त्याबद्दलच सांगतो. डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं १८८८ मधलं, दक्षिण फ्रान्समधल्या सँत-मारी-द-ला-मेर गावच्या पुळणीवरच्या मासेमारी होड्यांचं. मूळ चित्र ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे.

त्या वर्षी जूनच्या सुमारास तो आर्लहून, म्हणजे तेव्हा राहत होता त्या फ्रेंच शहरातून, या गावी काही दिवस राहिला. भूमध्य समुद्र त्याने तिथेच पहिल्यांदा पाहिला. त्याचा रंग बांगड्यासारखा आहे, हिरवा की जांभळा की निळा ते कळतच नाही, असं त्याने भावाला, थिओला, कळवलं. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला हे लगेच पटतं. ताजा बांगडा उजेडात जरा कलता केला की पाठीवरचा हिरवा क्षणात निळा होतो.

होड्या मात्र त्याला रंगवायला मिळेनात. तो रोज सकाळी त्या बघायचा, पण त्या फार लवकर निघून जायच्या. शेवटी परतायच्या दिवशी, भल्या पहाटे, त्या पाण्यात जाण्याआधी त्याने तासाभरात रेखाटन उरकलं आणि तैलचित्र आर्लला जाऊन त्यावरून केलं. तिथल्या समुद्राचं त्याचं एक चित्र किनाऱ्यावरच रंगवलेलं आहे, त्याच्या रंगात वाळूचे कण सापडले आहेत. होड्या मात्र कागदावरून आणि आठवणीतून उतरल्या.

मला वाटतं, तुम्ही म्हणता ती शांतता यातूनच आली आहे. होड्या कायमच्या विसावलेल्या नाहीत, घटकाभराने निघायच्या आहेत. एमिल बर्नार्ड या चित्रकार मित्राला त्याने लिहिलं की या होड्या इतक्या लहान की भर समुद्रात फारशा जातच नाहीत. वारा नसला की निघतात, वारा जरा वाढला की परत काठाला येतात. लाल, हिरव्या, निळ्या त्या होड्या बघून त्याला फुलं आठवली.

त्याने छाया-प्रकाशाचा खेळ जवळजवळ टाळलाय. जपानी ठसेचित्रांचं त्याला वेड होतं. तशाच इथे ठळक कडा आणि आत सपाट रंग. डोलकाठ्या आणि परबानं, म्हणजे शीड बांधायचे वासे, तिरके एकमेकांना छेदतात, नजर तिथे गुंतते, आणि खाली होड्यांची गोल पोटं वाळूत नीट टेकलेली दिसली की निवांत होते. हा तोल मला या चित्रातला सगळ्यात अवघड भाग वाटतो.

चित्र मोठं करून बघा. एका होडीवर 'आमितिये' लिहिलेलं सापडेल. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ मैत्री. ते वाचून झालं की मागच्या पाण्याकडे बघा, काही होड्या शिडं उभारून केव्हाच निघाल्या आहेत.