अमळनेरहून 8 इंची दुर्बिणीने नेपच्यूनपलीकडच्या पिंडाचं पिधान टिपता येईल का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: नेपच्यूनपलीकडचा एखादा बारका पिंड ताऱ्यासमोरून जाऊन त्याला झाकणार (यालाच पिधान म्हणतात) हे आधी कळतं कसं, आणि ते अमळनेरहून टिपता येईल का. टिपता येईल. फक्त पंचांगातल्या ग्रहणासारखी वेळ बघून गच्चीवर गेलात, तर बहुतेक वेळा हात हलवत खाली याल.

तारा इतका लांब असतो की त्याचे किरण समांतरच धरायचे. त्यामुळे पिंडाची सावली पृथ्वीवर पडते ती जवळपास पिंडाएवढ्याच रुंदीची. ती कुठून जाणार हे काढायला ताऱ्याची आणि पिंडाची अचूक जागा लागते. ताऱ्यांचं काम 2013 साली सोडलेल्या गाइया यानाने फत्ते केलं. घोडं अडतं ते पिंडापाशी. नेपच्यूनपलीकडच्या क्वावार या पिंडाचंच घ्या. सापडला 2002 साली, आणि सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला पावणेतीनशेहून जास्त वर्षं लागतात. जुन्या फोटोंत तो मागाहून हुडकला गेला हे खरं, तरीही कक्षेचा एक तुकडा बघून बाकीचं गणित मांडायचं असतं.

चुकीची किंमत किती? पृथ्वी-सूर्य अंतराच्या 40 पट लांब (40 खगोलीय एककं), म्हणजे साधारण प्लूटोच्या पल्ल्यावर, जागा एका विकलेच्या (अंशाच्या 3600व्या भागाच्या) हजाराव्या भागाने चुकली तर सावली सुमारे 29 किलोमीटर सरकते. चोपडा ते चाळीसगाव हे निव्वळ दक्षिणोत्तर अंतर 90 किलोमीटरही नाही. म्हणजे असे तीन भाग चुकले की चोपड्याची सावली चाळीसगावला. नव्या पिंडांच्या बाबतीत चूक याच्या कितीतरी पट असते, तेव्हा अख्खा खानदेश तिच्यात बुडून जातो. मात्र एकदा पिधान पकडलं गेलं की पिंडाची जागा इतकी नेमकी कळते की पुढचा अंदाज एकदम सुधारतो.

नासाचं न्यू होरायझन्स यान अ‍ॅरोकोथ या नेपच्यूनपलीकडच्या पिंडाकडे निघालं होतं, तेव्हा 2017 मध्ये हुकणं आणि साधणं दोन्ही घडलं. 3 जूनला मोठी फौज लावूनही कुणाच्या दुर्बिणीत तारा मालवला नाही. 17 जुलैला अर्जेंटिनात वारा अडवायला ट्रक आडवे लावले, रस्त्यावरचे दिवे बंद केले, आणि पाच दुर्बिणींना तारा गायब झालेला मिळाला. पिंड उणापुरा 35 किलोमीटरचा. पण प्रत्येक दुर्बिणीला पिंडाचा एक आडवा छेद, म्हणजे जीवा, मिळाली होती; त्या पाच जीवांवरूनच दोन गोळे चिकटल्यासारखा आकार सुचला, आणि 1 जानेवारी 2019 ला यान तिथे पोचलं तेव्हा तो तसाच निघाला.

म्हणून एकट्याने करू नका. सावली साधारण पूर्व-पश्चिम पळते. अमळनेर-जळगाव अशी जोडी लावलीत तर दोघांच्या हाती जवळपास एकच जीवा येईल. माणसं उत्तर-दक्षिण रांगेत लावा: चोपडा, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव. अमळनेरला तारा गेला आणि पारोळ्याला नाही, तर पिंडाची कड त्या दोघांमध्ये कुठेतरी आहे. पारोळेकराने ‘काही दिसलं नाही’ म्हणून रेकॉर्डिंग पुसलं, तर मात्र ही कड गेली.

डोळ्याने बघण्यात अर्थ नाही, कॅमेराच हवा. आणि माझ्या मते दुर्बिणीच्या इंचांपेक्षा घड्याळावर पैसे घाला. सावली सेकंदाला वीसेक किलोमीटर धावते. मोबाइलची वेळ अर्धा सेकंद मागे असेल तर 10 किलोमीटरचा घोळ. प्रत्येक फ्रेमवर जीपीएसची वेळ उमटली पाहिजे.

या पिंडांच्या वाट्याला येणारे तारे बहुतेक 14व्या प्रतीच्या पुढचे, मंद. पण हजार किलोमीटरचा पिंड असेल तर तारा पन्नासेक सेकंद गायब राहतो, त्यामुळे दोन सेकंदांचं एक्स्पोजर चालून जातं. रेकॉर्डिंग पाचेक मिनिटं आधी सुरू करा आणि नंतरही तेवढंच चालू ठेवा. 2013 मध्ये शनी-युरेनसदरम्यानच्या कॅरिक्लो या पिंडाभोवतीची, शनीसारखी कडी सापडली ती मुख्य पिधानाच्या आधी आणि नंतर तारा क्षणभर मंद झाला म्हणून.

सुरुवात मात्र मंगळ-गुरूमधल्या लघुग्रहांपासून करा. अंदाज पक्के, तारे तेजस्वी, शिवाय हात बसतो. ऑकल्टवॉचर या सॉफ्टवेअरमध्ये आपले अक्षांश-रेखांश टाकले की जवळून जाणाऱ्या सावल्यांची यादी मिळते. लांबच्या पिंडांसाठी लकी स्टार प्रकल्पाचे अंदाज बघा. पावसाळा सोडून द्या. थंडीत केळीच्या बागेशेजारी दुर्बीण मांडू नका, रात्री पाणी भरलेलं असलं की काचेवर दव धरतं. शेतातल्या लाइटवर विसंबू नका, बॅटरी न्या. यावल-रावेरकडे जाणार असाल तर बिबट्यामुळे दोघं तरी बरोबर असा.

कॅमेरा कोणता आहे ते कळवा, म्हणजे एक्स्पोजर किती ठेवायचं ते सांगता येईल.